तक्रार : रेघ येत नाही

राग्नफ्रिद मिकेल्सन नवा कॅमेरा काउंटरवर ठेवते
हातमोजे न काढता,
पावतीसकट.
"बिघडलाय," म्हणते. "रेघ काढत नाही."

बाहेर दुपारचे बारा.
सूर्याला अजून नऊ दिवस आहेत,
फ्योर्डवर उजेड
ताकाच्या निवळीइतका पातळ.

कसली रेघ, मी विचारतो.
ती पिशवीतून फोटो काढते, अकरा,
अकरा जानेवारींचे, एकाच टेकडीवरून :
दोन महिन्यांनी सूर्य परत येतो तो दिवस,
शाळेला सुट्टी, मुलांच्या ओठांवर पावाची साखर,
डोंगराच्या खाचेत एक पांढराफटक ठिपका
आणि त्या ठिपक्यातून,
वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत
ओळंबा सोडावा तशी
जांभळट रेघ.

प्रत्येक फोटोत ती एकाच माणसात उतरलेली.
टोपीतून, नाकातून, कोटाच्या बटणांवरून.
"हा ओडमुंड. माझा भाऊ.
मेला नाहीये, तोंड असं करू नकोस.
बर्गनला असतो, मुलीकडे.
तिथे म्हणे सूर्य बाराही महिने, फक्त ढगांमागे."
दर वर्षी तीच त्याला उभा करायची
खाचेच्या बरोबर खाली,
डावीकडे, अजून डावीकडे, थांब,
आणि तो थंडीला शिव्या देत थांबायचा.

मी समजावू लागतो. तीस वर्षं हाच धंदा.
जुन्या कॅमेऱ्याच्या पोटात, बाई,
नखाएवढ्या जागेत लाखो घागरी.
उजेड पडतो, जिचा तिच्यात साठतो.
पण मोजणारा एकच, आणि तो तळाशी बसलेला.
म्हणून हिचं तिच्यात, तिचं पुढचीत,
हातोहात खाली सरकवायचं,
आणि सूर्याच्या दारावरून जाताना
प्रत्येकीत थोडं सांडतंच.
ज्यांच्या वाट्याला नुसतं आभाळ आलं
त्यांच्याही हिशेबात दोन थेंब जास्त.
दोष आहे तो. कंपन्यांनी काढून टाकला.
नव्यात जिची तिची मोजणी जागच्या जागी.
कुणाला कुणाच्या दारावरून जावं लागत नाही.

ती ऐकून घेते.
मग ओडमुंडच्या टोपीवर बोट ठेवते.
"हा तर सूर्याच्या खाली आहे.
मोजणाऱ्याजवळ.
हा कधी गेला दारावरून?"

असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.
कॉलेजात मीही विचारलं नव्हतं.
मी पेचकस खाली ठेवतो.
फोटोच्या आधी, मी सावकाश म्हणतो,
घागरी रिकाम्या असतात ना, तेव्हाही रांग चालूच असते.
वरूनच येतात सगळ्या.
खाली पोचेपर्यंत
तो दारावरून येऊन गेलेला असतो.

"म्हणजे मी उभा करायच्या आधीच."

हो, म्हणतो. एका अर्थी.

खालच्या खणात, चार्जरांच्या गुंत्यात,
तसला एक आहे, चंदेरी, साबणाच्या वडीएवढा.
त्याची बॅटरी थंडीत दम धरत नाही,
कोटाच्या आत, काखेत ठेवावी लागेल.
ती लगेच ठेवते. आम्ही पाच मिनिटं थांबतो,
ती एक हात दाबून धरून, अंड्यावर बसल्यासारखी,
मी पावतीवरची तारीख वाचत.

"आता दिव्याखाली उभा राहा."

डाग द्यायच्या टेबलावरचा दिवा मी डोक्यावर ओढतो.
ती कॅमेरा डोळ्यांपासून लांब धरते,
भिंग माझ्याकडे, पडदा तिच्याकडे.
"आली," म्हणते.
कुठून?
"भुवईतून. डाव्या.
तू वाकडा उभा आहेस, आयविन.
जरासा उजवीकडे.
अजून."

मी सरकतो.
दारात दोन गिऱ्हाइकं येऊन थांबलीत,
बुटांवरचा बर्फ झाडायचा विसरून.
"हं," ती म्हणते. "आता हलू नकोस."